फोन भरला, मेल अडला : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्याची पत्रं वाचली तर जवळपास सगळ्यांचं दुखणं एकच निघालं. फोन साधा, मेमरी कमी, अन् जो मेल पाहिजे तोच वेळेवर येत नाही, साड्यांच्या सेलचा मेल मात्र बरोबर टायमावर हजर. तालुक्याच्या गावात मोबाईल-कॉम्प्युटर रिपेरिंगचं दुकान चालवतो मी, त्यामुळं हे गाऱ्हाणं रोजच ऐकतो. पत्रं थोडी कापलीत, भाषा ज्याची त्याचीच ठेवली.

प्रश्न : भाऊ नमस्कार. आमची शेतकऱ्यांची कंपनी आहे, तिचा हिशोब अन् पत्रव्यवहार मी पाहतो. फोन माहा २ जीबी रॅम अन् १६ जीबीचा, चार वर्षं झाले घेऊन. बाहेरच्या व्यापाऱ्यानं संत्र्याचा भाव अन् गाडीची तारीख मेलवर पाठवली, मले तो मेल दिसला दोन दिवसांनी, तवरिक गाडी दुसऱ्याच्या बगीच्यात लागली. तो म्हणे पाठवला, मी म्हणो आलाच नाही. फोनवर नुसतं स्टोरेज फुल, स्टोरेज फुल येऊन राहिलं. आता फोन बदलू का मेल बदलू?
— एक संत्रा बागायतदार, वरुड तालुका

उत्तर : दोघंही खरे बोलत होते भाऊ, अन् फोनही बदलू नका. आधी एक घोळ मिटवू. आपण मेमरी मेमरी म्हणतो पण त्या तीन वेगळ्या जागा आहेत. रॅम म्हणजे हातातलं काम करायची जागा, तुमची २ जीबी. स्टोरेज म्हणजे कोठी, तुमची १६ जीबी, अन् त्यातली बरीचशी अँड्रॉइडनंच आधी व्यापलेली असते. तिसरी जागा तुमच्या फोनात नाहीच, ती मेलवाल्या कंपनीच्या सर्वरवर, म्हणजे तिच्या मोठ्या कॉम्प्युटरवर असते, जीमेलची फुकटातली १५ जीबी. व्यापाऱ्याचा मेल त्या तिसऱ्या जागी वेळेवरच आला होता, तुमची कोठी भरली म्हणून तो खाली उतरला नाही. स्टोरेज अगदी काठावर आलं की फोन मेलचं सिंक, म्हणजे सर्वरवरचे मेल फोनवर उतरवणं, थांबवतो, अन् आपल्याला वाटते मेल आलाच नाही. असा संशय आला की क्रोममध्ये जाऊन जीमेल उघडून पाहायचं, तिथं मेल सरळ सर्वरवरचा दिसतो, कोठीशी त्याचा संबंध नसतो. त्या दिवशी एवढं केलं असतं तर गाडी तुमच्याच धुऱ्यावर उभी राहिली असती.

आता कायमचा इलाज. सीझनमध्ये मार्केट यार्डात काय होते ते आठवा. सोयाबीनच्या गाड्या रात्रीपासून रांगेत, शेडमध्ये पोतं ठेवायला जागा नाही, अशा वेळी सगळ्या गाड्या आत घेऊन मग कोणती महत्त्वाची ते कोणी पाहत बसत नाही, गेटवरच ठरवावं लागते. मेलचंही तेच आहे. बरेच लोक काय करतात, सगळे मेल फोनवर उतरवतात अन् मग बसून एकेक डिलीट करतात, म्हणजे डेटा गेला, जागा गेली, वेळ गेला, अन् कामाचा मेल त्या ढिगात खाली दबला. छाटणी गेटवर करा, म्हणजे सर्वरवर.

त्यासाठी फिल्टर लागतो. जीमेलच्या मोबाईल अ‍ॅपमध्ये फिल्टर बनवता येत नाही, इथंच लोक अडकतात. कॉम्प्युटरवर बसा नाहीतर फोनच्या क्रोममध्येच डेस्कटॉप साईट करून जीमेल उघडा. अक्षरं बारीक दिसतात, चष्मा लावा, पण एकदाच करायचं काम आहे. पहिला फिल्टर तुमच्या चार-पाच व्यापाऱ्यांच्या पत्त्यांचा : हे मेल आले की त्यांना ‘गाडी’ नावाचं लेबल लावायचं, नेहमी महत्त्वाचे समजायचे, अन् स्पॅममध्ये कधीच टाकायचे नाहीत. दुसरा फिल्टर जाहिरातवाल्यांचा : इनबॉक्समध्ये येऊच द्यायचं नाही, परस्पर ‘नंतर’ नावाच्या लेबलात. आता फोनवर जीमेलच्या सेटिंगमध्ये आपल्या खात्यावर जा, मॅनेज लेबल्समध्ये ‘गाडी’चं सिंक चालू करा अन् त्याचं नोटिफिकेशन प्रत्येक मेलला वाजेल असं ठेवा. ‘नंतर’चं सिंक ‘नन’वर (None, म्हणजे काहीच उतरवू नको) ठेवा. झालं, जाहिराती सर्वरवरच पडून राहतात, तुमच्या १६ जीबीला हात लावत नाहीत, अन् कधी वाटलंच पाहावं तर उघडून पाहता येतात.

त्याच सेटिंगमध्ये खाली डेज ऑफ मेल टू सिंक असं असते, बहुतेकांचं ३० दिवसांवर असते, ते ७ करा. मेल डिलीट होत नाहीत, फोनवर फक्त आठवड्याचे राहतात, जुना पाहिजे असला तर नेट चालू असताना शोधला की सर्वरवरून येतो. अटॅचमेंट आपोआप डाऊनलोड व्हायचं बंद. अन् नोटिफिकेशन ‘हाय प्रायोरिटी ओन्ली’ केलं तर फोन दिवसभर टिणटिण करत नाही, वाजला म्हणजे कामाचंच असणार एवढी खात्री होते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, ही यादी एकदा बनवून विसरायची नाही. आंबिया बहाराचे व्यापारी वेगळे, मृगाचे वेगळे असू शकतात. बहार बदलला की फिल्टरमधले पत्तेही पाहून घ्या, नाहीतर नवीन व्यापाऱ्याचा मेल ‘गाडी’त जाणारच नाही अन् तुम्ही निवांत बसाल, फोन वाजला नाही म्हणजे मेल नाही.

अन् शेवटचं, रागावू नका, पण १६ जीबी मेलनं नाही भरली. व्हॉट्सअ‍ॅपच्या मीडियाचं ऑटो डाऊनलोड बंद करा. सूर्योदय, गुलाब अन् सुविचाराचे फोटो काढून टाकले तर अर्धा फोन मोकळा होतो, हे मी दुकानात रोज पाहतो.

प्रश्न : सर, मी धारणी तालुक्यात राहते. गावात नेटवर्क नाही, टेकडीवर गेलं की दोन काड्या येतात, त्या पण दहा-पंधरा मिनिटं. नोकरीसाठी अर्ज केलेत, मुलाखतीचे मेल येणार आहेत. पण टेकडीवर फोन चालू केला की आधी सगळा कचरा उतरते, एखादी मोठी पीडीएफ अर्ध्यात अडकते, अन् तेवढ्यात नेटवर्क जाते. कामाचा मेल आधी यावा असं फोनला सांगता येते का? फोन भावाचा जुना आहे, ८ जीबीचा.
— एक विद्यार्थिनी, मेळघाट

उत्तर : सांगता येते. अन् तुझा प्रश्न या सगळ्यात मला सगळ्यात आवडला, कारण हा प्रश्न जगातल्या मोठ्या मोठ्या इंजिनिअरांनी पंचवीस वर्षांपूर्वी डोकं खाजवून सोडवलेला आहे अन् तू तो टेकडीवर उभी राहून विचारतेस.

१९९९ मध्ये कॅनडातल्या एका कंपनीनं ब्लॅकबेरी नावाचं मेलचं यंत्र काढलं. तेव्हा मोबाईलचं नेट म्हणजे ठिबकसारखं, थेंब थेंब, अन् यंत्रातली मेमरी आजच्या एका फोटोएवढीही नाही. त्यांनी युक्ती अशी केली की पूर्ण मेल पाठवायचाच नाही, पहिले २ केबी पाठवायचे, म्हणजे कोणी पाठवला, विषय काय अन् सुरुवातीच्या ओळी. वाचून वाटलं तर माणूस बटन दाबून पुढचं मागवेल, नाही वाटलं तर राहिलं. जागा भरली की जुने मेल आपोआप निघून जायचे. मोठमोठे साहेब लोक वर्षानुवर्षं त्यावर कारभार करत होते.

तुला हेच करायचं आहे, फक्त फुकटात. थंडरबर्ड नावाचं मेल अ‍ॅप आहे, आधी त्याला के-नाईन मेल म्हणत, २०२४ मध्ये ते थंडरबर्ड नावानं अँड्रॉइडवर आलं. फोनची अँड्रॉइड फारच जुनी असली तर नवीन अ‍ॅप बसणार नाही, ते आधी पाहून घे. धारणीला किंवा परतवाड्याला चांगल्या नेटवर असताना ते टाक, त्यात तुझं जीमेल जोड. मेल आणायच्या दोन पद्धती असतात, आयमॅप अन् पॉप. जोडताना आयमॅप आलं पाहिजे, पॉप नाही, पॉपची रडकथा खाली वेगळी सांगतो. मग खात्याच्या सेटिंगमध्ये मेल उतरवायची मर्यादा असते, फेच मेसेजेस अप टू असं काहीसं, ती ३२ केबी असली तर तशीच ठेव, वाढवू नको. ३२ केबीत मुलाखतीचं बोलावणं आरामात बसते, पत्ता, तारीख, वेळ सगळं. त्यापेक्षा मोठा मेल आला तर अ‍ॅप पूर्ण उतरवत बसत नाही, थोडा उतरवते, बाकीचा तू मागशील तेव्हा. म्हणजे ती अर्ध्यात अडकणारी पीडीएफ दाराबाहेरच राहील. फोल्डरमध्ये किती मेल ठेवायचे तेही ठरवता येते, २५ पुरेत.

त्याच्या आधी वर संत्र्यावाल्या भाऊंना सांगितलं तसा फिल्टर कर, जिथं जिथं अर्ज केलास तिथल्या पत्त्यांचा, लेबल ‘मुलाखत’. जीमेलचं लेबल आयमॅपमध्ये फोल्डरसारखं दिसते. अ‍ॅपला सांगायचं, आपोआप फक्त ‘मुलाखत’ हेच फोल्डर तपास, इनबॉक्स नको. टेकडीवर गेल्यावर दहा मिनिटांत तेवढंच येईल, अन् ते आलं की उरलेल्या वेळात इनबॉक्स हातानं खाली ओढून पाहायचा.

अन् एक बारीक युक्ती, पुढच्या अर्जांसाठी. जीमेलच्या पत्त्यात नावाच्या पुढं अधिकचं चिन्ह टाकून काहीही शब्द लिहिला तरी मेल तुझ्याकडंच येतो. अर्ज करताना नाव, अधिक, नोकरी असा पत्ता दिलास की फिल्टरमध्ये तो एकच पत्ता टाकायचा, पाठवणारा कोणी का असेना. काही फॉर्मांना ते अधिकचं चिन्ह चालत नाही, लाल होतात, तिथं साधाच पत्ता दे. अन् आठवड्यातून एकदा तरी, चांगलं नेट असेल तिथं, स्पॅम उघडून पाहत जा. स्पॅममधलं ३० दिवसांनी आपोआप उडते अन् अनोळखी ऑफिसचा पहिला मेल कधी कधी तिथंच जाऊन बसतो.

प्रश्न : तुम्ही मागच्या अंकात लिहिलं की मेल फोनवर साठवून सर्वर रिकामा ठेवला तर बरं. मी तसं केलं. फोन फॉरमॅट झाला अन् सगळे मेल गेले. आता काय?
— एक दुकानदार, दारव्हा

उत्तर : चूक माझी. मागच्या वेळी सर्वर भरून राहिलेल्या एका वाचकाला मी तसं लिहिलं होतं, अन् ते अर्धवट लिहिलं. पॉप पद्धतीत फोन सर्वरवरून मेल उचलून आणतो अन् सेटिंग तशी असली तर सर्वरवरची प्रत पुसून टाकतो. पोस्टमननं पत्र दिलं, आता पोस्टात काही नाही, असा हिशोब. आयमॅपमध्ये मूळ पत्र पोस्टातच राहते, फोन नुसती नक्कल पाहतो. १९८६ पासून ही दुसरी पद्धत आहे, मार्क क्रिस्पिन नावाच्या माणसानं स्टॅनफर्डला असताना काढली, अन् कमी मेमरीच्या फोनला तीच बरी, कारण नक्कल कधीही फेकता येते.

माझाही हात यात आधी पोळला आहे. दुकान नवीन होतं तेव्हा एका जिनिंगवाल्या शेठच्या फोनात मी पॉप जोडून दिलं, सर्वरवर प्रत ठेवा हा टिक करायचा विसरलो. दोन महिन्यांनी शेठचा फोन विहिरीत पडला. मोटार लावून विहीर उपसली, फोन सापडला, मेल नाही सापडले. शेठ अजून दुकानात येतात पण कॉम्प्युटरचं काम दुसरीकडं देतात.

तुमच्यासाठी : क्रोममध्ये जाऊन ट्रॅश अन् ऑल मेल दोन्ही पाहा, जीमेल असेल तर प्रत तिथं शिल्लक असू शकते, पण ट्रॅशलाही ३० दिवसांचीच मुदत आहे म्हणून आजच पाहा. बिलांचे मेल असतील तर समोरच्याला परत पाठवायला सांगा, त्याच्या ‘सेंट’ (पाठवलेले) फोल्डरमध्ये असतीलच.

प्रश्न : दादा, मी गावात सेवा केंद्र चालवते. लोकांचे फॉर्म, दाखले सगळं माझ्या मेलवरून जाते-येते. आता ज्याला त्याला उलटा मेसेज जाऊन राहिला की या पत्त्याची जागा भरली. माझ्या फोनात तर २० जीबी रिकामी आहे!
— एक ताई, आर्णी तालुका

उत्तर : ताई, तुमची तिसरी जागा भरली, सर्वरवरची. १५ जीबी एकट्या मेलची नसते, जीमेल, ड्राईव्ह अन् गुगल फोटो तिघांत मिळून असते. १ जून २०२१ पासून नवीन फोटोही त्यातच मोजतात, म्हणून पोराच्या वाढदिवसाचे व्हिडिओ अन् लोकांचे जातीचे दाखले एकाच कोठीत भांडून राहिले. भरली की बाहेरचा मेल आत येतच नाही, तुमचं फिल्टर-बिल्टर काही कामाचं नाही, कारण गेटच बंद.

फोटोचा बॅकअप दुसऱ्या खात्यावर न्या, कामाचं खातं वेगळं ठेवा, हे पहिलं. मग जीमेलच्या शोधाच्या पट्टीत इंग्रजीत लार्जर लिहून त्याला चिकटून कोलन अन् १० एम टाका, मध्ये जागा सोडायची नाही, १० एमबीपेक्षा मोठे सगळे मेल समोर येतात. पाहून पाहून काढा, लोकांची कागदपत्रं आहेत, घाई नको. काढले की ट्रॅशही रिकामं करा, नाहीतर जागा लगेच सुटत नाही.

अन् लोकांना सांगा, फोटो आहे तसा नका पाठवू. जीमेलवर एका मेलला २५ एमबीची हद्द आहे, अन् मेलमधून फाईल जाताना तिची अक्षरं करावी लागतात, दर ३ बाईटची ४, त्यामुळं वजन एक तृतीयांश वाढते. १५ एमबीचा फोटोंचा गठ्ठा मेलमध्ये २० एमबीचा होऊन निघतो. सातबाऱ्याचा फोटो ५ एमबीचा कशाला पाहिजे, स्कॅनरच्या अ‍ॅपमधून काळा-पांढरा काढला तर काही शे केबीत भागते अन् वाचताही चांगला येते.

प्रश्न : आमचे वरचे साहेब प्रत्येक मेलवर लाल उद्गारचिन्ह टाकून पाठवतात. चहाचं बिलही अर्जंट. मग फोन कसं ओळखणार?
— एक कर्मचारी, वाशीम जिल्हा

उत्तर : नाही ओळखत, अन् ओळखूही नये. ते लाल चिन्ह म्हणजे पाठवणाऱ्यानं मेलच्या डोक्यावर लिहिलेली एक ओळ असते, कोणीही लिहू शकते. हर्रासात प्रत्येक जण म्हणतो माहा माल एक नंबर, म्हणून अडत्या मूठ भरून पाहतोच ना.

जीमेलचं पिवळं चिन्ह वेगळं, ते तुमच्या वागण्यावरून बनते. तुम्ही कोणाला मेल लिहिता, कोणाचे उघडता, कोणाला उत्तर देता, कोणाचे न वाचता उडवता, यावरून ते शिकत जाते. साहेबांच्या चहाच्या बिलावरचं पिवळं चिन्ह दाबून काढत जा, अन् खऱ्या कामाच्या मेलवर लावत जा, काही दिवसांत फरक पडते. त्यानंही नाही भागलं तर साहेबांच्याच पत्त्याचा फिल्टर करा, पण विषयात ‘बिल’ शब्द असेल तरच ‘नंतर’मध्ये. सगळेच साहेब ‘नंतर’मध्ये टाकू नका, नोकरी करायची आहे.

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे. माझा बटनांचा स्मार्ट फोन आहे, ५१२ एमबी रॅम, ४ जीबी स्टोरेज. यावर मेल नीट येईल काय?
— एक गुरुजी, सावनेर

उत्तर : गुरुजी, येईल पण तुम्हाला जीव नकोसा होईल. असे फोन २०१७ पासून गावागावांत आले, बोलायला अन् गाणी ऐकायला फार छान, मेलला नाही. तुमच्या मेलवर फिल्टर करून फक्त पेन्शनच्या ऑफिसचे मेल मुलाच्या किंवा सुनेच्या पत्त्यावर फॉरवर्ड होतील असं ठेवा. आधी त्यांच्या पत्त्यावर एक कोड येतो, तो टाकल्याशिवाय सुरू होत नाही, म्हणून घरी सगळे असताना करा. मेल आला की त्यांनी तुम्हाला साधा एसएमएस टाकायचा. मराठीत ७० अक्षरांच्या वर गेला की एकाचे दोन एसएमएस होतात, इंग्रजीत १६० बसतात, म्हणून पोरांना सांगा, ‘बाबा, पेन्शनचा मेल आला, संध्याकाळी दाखवतो’ एवढंच लिहा. बँकेचे मेल मात्र कोणाकडंच फॉरवर्ड करू नका, सुनेकडंही नाही.

प्रश्न : सगळं केलं, फिल्टर पण केला, तरी रात्री आलेला मेल सकाळी फोन हातात घेतल्यावरच वाजतो.
— एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : तो मेमरीचा नाही, बॅटरीचा आजार. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून फोन बराच वेळ नुसता पडून राहिला की डुलकी घेतो अन् अ‍ॅपची कामं मागं टाकतो. सेटिंगमध्ये बॅटरीत जाऊन फक्त मेलच्या अ‍ॅपला मोकळीक द्या, अनरिस्ट्रिक्टेड किंवा डोन्ट ऑप्टिमाईझ असं काही लिहिलेलं असते. काही फोनांत ऑटोस्टार्टचं वेगळं बटन असते, तेही चालू करा. सगळ्याच अ‍ॅपला मोकळीक दिली तर दुपारपर्यंत बॅटरी संपेल अन् तुम्ही मलाच पत्र लिहाल.

पुढच्या अंकासाठी पत्र पाठवताना फोनची रॅम अन् स्टोरेज दोन्ही लिहा. नुसतं ‘मेमरी कमी आहे’ लिहिलं तर मला अंदाजानं इंजेक्शन द्यावं लागते.